जहाजाचा माग आणि समुद्राचा तळ



होमिओपॅथीच्या डॉक्टरला व्याख्यानाला बोलावले की तो आरोग्यावर बोलणार, असे सगळे धरून चालतात. संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी ‘समुद्राचा तळ’ म्हणालो, आणि पलीकडे जरा वेळ शांतता होती. निपाणीत समुद्र कुठला? आपल्याकडे वेदगंगा आहे, जवाहर तलाव आहे, आणि पाण्याची खोली म्हटले की तलाव किती फुटांवर आला एवढीच चौकशी आहे. पण आपल्या गावाचा समुद्राशी एक सरळ धागा आहे. निपाणीहून निघालेला रस्ता मुधाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरतो आणि देवगडला समुद्राला भिडतो. त्या रस्त्याचे नावच देवगड-निपाणी रस्ता. तुमच्यापैकी अनेकजण त्यावरून कुणकेश्वरला, विजयदुर्गला गेले असतील. रस्ता संपतो, डांबर संपते, पण जमीन तिथे संपत नाही. ती पाण्याखाली पुढे जातच राहते. त्या पुढच्या जमिनीचा नकाशा कोण काढतो, कसा काढतो, आणि त्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हा आजचा माझा विषय आहे.

आधी एक साधी गोष्ट. घरातला जगाचा नकाशा किंवा मुलांचा अ‍ॅटलास उघडा. समुद्र निळा असतो. कुठे फिकट, कुठे गडद. नव्या नकाशांत तर पाण्याखालचे डोंगर, दऱ्या, लांबच लांब रांगा इतक्या ठळक दाखवलेल्या असतात की पाणी काढून घेऊन कुणी फोटो काढला असावा असे वाटते. हा फोटो नाही. प्रकाश पाण्यात थोडेच अंतर जातो आणि रेडिओलहरीही जात नाहीत, त्यामुळे उपग्रहाला खोल समुद्राचा तळ दिसत नाही. सगळ्या महासागरांचा तळ प्रत्यक्ष मोजण्याचा ‘सीबेड २०३०’ नावाचा प्रकल्प २०१७ साली सुरू झाला, तेव्हा पुरेशा बारकाईने मोजलेला भाग सुमारे सहा टक्के होता. जून २०२५ मध्ये तो २७.३ टक्क्यांवर आला. म्हणजे त्या सुंदर निळ्या चित्राचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग हा अंदाज आहे.

हा अंदाज हवेत केलेला नाही. पाण्याखाली मोठा डोंगर असला की त्याच्या वस्तुमानामुळे आजूबाजूचे पाणी त्याच्याकडे किंचित ओढले जाते. दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर समुद्राचा पृष्ठभाग दोनेक मीटर फुगलेला असतो. उपग्रह हा फुगवटा मोजतो आणि त्यावरून खाली काय असावे याचा हिशेब मांडतात. डॉक्टरांच्या भाषेत सांगायचे तर हे नुसते कपाळाला हात लावून ताप ओळखण्यासारखे आहे. ताप आहे हे कळते, आकडा कळत नाही. आकड्यासाठी थर्मामीटरच लावावा लागतो, आणि समुद्राच्या बाबतीत तो थर्मामीटर घेऊन जहाजालाच जावे लागते.

जहाजाने खोली कशी मोजायची? जुनी पद्धत दोरीची. दोरीच्या टोकाला शिशाचे वजन बांधायचे, ते तळाला टेकेपर्यंत सोडायचे आणि दोरी किती गेली ते मोजायचे. दोन्ही हात पसरले की जेवढे अंतर होते त्याला आपल्याकडे ‘वाव’ म्हणतात. विहिरीचा दोर वावांत मोजायचा, हे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. इंग्रज खलाशांचे मापही तेच, सहा फुटांचे. शिशाच्या वजनाच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरत. वजन वर आले की चरबीला वाळू चिकटली आहे, चिखल आहे की शिंपल्यांचा चुरा, हे पाहून तळाचा प्रकारही लिहून ठेवत. एका जागी एक आकडा. जहाज पुढे गेले की पुन्हा दोरी. खोल समुद्रात एकेका मोजणीला तासन्‌तास जात. मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या पुढाकाराने १९०३ साली सगळ्या महासागरांच्या खोलीचा नकाशा करायचे ठरले. १९०५ साली पहिली आवृत्ती निघाली तेव्हा साऱ्या पृथ्वीच्या समुद्रांसाठी हाताशी अवघे सुमारे अठरा हजार आकडे होते.

पहिल्या महायुद्धानंतर आवाजाची पद्धत रुळली. जहाजाच्या बुडातून आवाज सोडायचा, तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. प्रतिध्वनी चार सेकंदांनी आला तर आवाज सहा हजार मीटर फिरून आला, म्हणजे खोली तीन हजार मीटर. जर्मनीच्या ‘मेटेओर’ जहाजाने १९२५ ते १९२७ या काळात दक्षिण अटलांटिक तेरा वेळा ओलांडला आणि सदुसष्ट हजारांवर मोजण्या आणल्या. जहाज चालत असताना खोली मोजता येऊ लागली. एकेका ठिपक्याच्या जागी आता रेघ मिळू लागली. जहाज ज्या वाटेने गेले त्या वाटेखालच्या तळाची ही रेघ, म्हणजेच जहाजाचा माग. समुद्राच्या तळाचा कुठलाही खरा नकाशा अशा मागांतूनच विणलेला असतो.

आता मुद्द्याकडे येतो. जमिनीची मोजणी आणि समुद्राची मोजणी यांत मोठा फरक आहे. आपल्या शेतावर मोजणीदार येतो, हद्दीचे दगड बघतो, बांध बघतो. उद्या वाद झाला तर दुसरा मोजणीदार त्याच दगडापाशी उभा राहून पुन्हा मोजू शकतो. समुद्रावर दगड नाही. जहाजामागे उठलेला फेस पाच-दहा मिनिटांत विरतो. कुठे मोजले, केव्हा मोजले, कशाने मोजले, हे त्या वेळी लिहिले नाही तर ती मोजणी झालीच नव्हती असे समजावे. म्हणून या कामात खोलीच्या आकड्याला जेवढे महत्त्व, तेवढेच त्याच्या शेजारच्या नोंदीला आहे.

आम्हा होमिओपॅथीवाल्यांना हे पटकन पटते, कारण आमचा निम्मा वेळ केसपेपर लिहिण्यात जातो. पेशंट म्हणतो, पोट दुखते. तेवढ्याने काहीच होत नाही. कधीपासून, कुठल्या बाजूला, जेवणाआधी की नंतर, पुढे वाकल्यावर बरे वाटते की वाढते, आधी कुठले औषध चालू होते, हे सगळे लिहावे लागते. कधीकधी पेशंट पिशवीतून जुना रिपोर्ट काढतो. साखर १८०. पण तारीख असलेला कोपरा फाटलेला, उपाशीपोटी की जेवणानंतर हे लिहिलेलेच नाही. आकडा आहे, छापील आहे, आणि तरीही निरुपयोगी आहे. समुद्रातल्या नोंदींचे अगदी असेच होते.

एक उदाहरण देतो. आवाजाचा वेग सगळीकडे सारखा नसतो. पाण्याचा उबदारपणा, खारटपणा आणि दाब यांप्रमाणे तो बदलतो. जुनी अनेक यंत्रे सेकंदाला ४,८०० फूट, म्हणजे सुमारे १,४६३ मीटर, हा वेग धरून बनवलेली होती. काही १,५०० मीटर धरून. समजा जुन्या वहीत खोली ४,००० मीटर लिहिली आहे. यंत्र पहिल्या प्रकारचे असेल आणि त्या पाण्यातला खरा वेग १,५०० असेल, तर खरी खोली ४,१०० मीटरच्या घरात येते. शंभर मीटरचा फरक. कुठला वेग धरला होता ही एक ओळ वहीत असेल तर आज शंभर वर्षांनीसुद्धा आकडा दुरुस्त करता येतो. ती ओळ नसेल तर आकडा चूक की बरोबर हे कुणालाच सांगता येणार नाही. तीच गोष्ट मापाची. हजार वाव म्हणजे १,८२९ मीटर. वाव की मीटर हे लिहायचे राहिले तर डोंगर जवळपास निम्म्याने बुडतो किंवा दुपटीने वर येतो.

दुसरी अडचण जागेची. उपग्रह येण्यापूर्वी खोल समुद्रात जहाज नेमके कुठे आहे हे पहाटे आणि संध्याकाळी ताऱ्यांवरून ठरवत. मधल्या वेळात वेग आणि दिशा यांवरून अंदाज. दोन दिवस आभाळ भरलेले असले तर काही किलोमीटरची चूक सहज होई. मग एकच डोंगर दोन जहाजांनी पाहिला तर नकाशावर दोन डोंगर उमटत. यावर उपाय साधा आहे. समांतर रेघा मारत सर्वेक्षण करायचे आणि शेवटी त्या सगळ्यांना छेदणाऱ्या एक-दोन आडव्या रेघा मारायच्या. दोन रेघा जिथे छेदतात तिथे खोली एकच यायला हवी. नाही आली तर कुठेतरी गडबड आहे. जुन्या हिशेबनीसांना हे नवीन नाही. उभी बेरीज आणि आडवी बेरीज जुळली की खाते बरोबर.

आणि जे जुळले नाही त्याचे काय करायचे? दर्यावर्दी लोकांच्या नकाशांत याची एक जुनी, प्रामाणिक रीत आहे. कुणा कप्तानाने खडक पाहिल्याचे कळवले, पण पक्की मोजणी नाही, तर नकाशावर तो खडक दाखवून शेजारी ‘ई.डी.’ अशी दोन अक्षरे टाकतात. अर्थ : असण्याबद्दल शंका. खडक आहे पण जागा पक्की नसेल तर ‘पी.डी.’, म्हणजे जागेबद्दल शंका. आजच्या संगणकी नकाशांत एकेका पट्ट्याला मोजणीचा दर्जा दिलेला असतो. महासागरांच्या नकाशासोबत तर एक वेगळा तक्ताच मिळतो, त्यात प्रत्येक चौकोनासाठी लिहिलेले असते की इथली खोली जहाजाने मोजलेली आहे की उपग्रहावरून काढलेला अंदाज आहे.

आमच्या जैन परंपरेत ‘स्यात्’ असा एक शब्द आहे. लोक त्याचा अर्थ ‘कदाचित’ असा करतात आणि स्याद्वाद म्हणजे धरसोडपणा असे समजतात. त्याचा अर्थ ‘अमुक अपेक्षेने पाहता असे आहे’ असा आहे. म्हणजे विधान ठामच, पण ते कुठल्या बाजूने केले हे सोबत सांगितलेले. हा चौकोनांचा तक्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो शब्द आठवला. शंका लिहून ठेवणे हा ज्ञानाचाच भाग आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. या कामाचे भारतातले मोठे केंद्र आपल्यापासून फार लांब नाही. आंबोली किंवा चोर्ला उतरून आपण गोव्याला जातो, तिथे दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९६०च्या दशकात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराची मोहीम केली. त्या मोहिमेतून १ जानेवारी १९६६ला ही संस्था उभी राहिली. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. जलसर्वेक्षण शिकवणारी नौदलाची संस्थाही गोव्यातच आहे. नौदलाच्या जलसर्वेक्षण खात्याची मुळे १८७४ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या सागरी सर्वेक्षण विभागात आहेत. १९५४पासून त्याचे मुख्यालय डेहराडूनला आहे. डोंगराच्या पायथ्याशी बसून समुद्राचे नकाशे काढतात, तेव्हा निपाणीत बसून समुद्रावर बोलायला हरकत नसावी.

‘गवेषणी’ हे गोव्याच्या संस्थेचे पहिले संशोधन जहाज, १९७६ सालचे. २६ जानेवारी १९८१ रोजी या जहाजाने समुद्राच्या तळावरून धातूंचे गोळे वर काढले. बटाट्याएवढे काळे गोळे, त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट. १९८७ साली हिंदी महासागराच्या मध्यात दीड लाख चौरस किलोमीटरचा तळ भारताच्या नावे नोंदला गेला, पण अट अशी की पुढे त्यातला निम्मा परत करायचा. वाटणीत निम्मे शेत सोडायचे असेल तर आधी कुठला तुकडा काळा आणि कुठला खडकाळ हे कळले पाहिजे. त्यासाठी जहाजांनी त्या भागावर रेघांवर रेघा मारल्या आणि मगच ७५ हजार चौरस किलोमीटर आपल्याकडे ठेवले.

१९८३ साली ‘सागर कन्या’ हे मोठे जहाज जर्मनीहून आले. पुढे त्याच्यावर अनेक किरणांचे यंत्र बसवले. साधे यंत्र खाली एकच आवाज सोडते. हे यंत्र पंख्यासारखे पसरून एकाच वेळी ५९ ठिकाणची खोली मोजत असे, आणि खोलीच्या दुपटीएवढा रुंद पट्टा एका फेरीत हाती येई. काठीने रेघ ओढणे आणि केरसुणी फिरवणे यांत जो फरक, तो इथे. केरसुणी फिरू लागल्यावर कुणाला ठाऊक नसलेले डोंगर सापडले. समुद्राच्या तळावरच्या एका रांगेला सी. व्ही. रामन यांचे, एका डोंगराला डॉ. पणिक्करांचे, दुसऱ्याला भूवैज्ञानिक दा. नो. वाडियांचे आणि एकाला खुद्द सागर कन्येचे नाव आहे. अगदी अलीकडे, २०२४ साली, हिंदी महासागरातल्या आणखी तीन जागांना अशोक, चंद्रगुप्त आणि कल्पतरू ही नावे आंतरराष्ट्रीय मान्यतेने मिळाली. नाव मिळण्यासाठी मोजणीचा पुरावा द्यावा लागतो. नुसते आम्ही पाहिले म्हणून चालत नाही.

कोकणच्या समुद्रातच एक नाव आहे ते मराठी माणसाने विसरू नये. विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, भूखंडमंचाच्या कडेला, पाण्याखाली एक पठार आहे. साधारण चाळीस किलोमीटर लांब, पंधरा किलोमीटर रुंद, आणि माथा इतका वर आलेला की तिथे प्रवाळ वाढतात. जगभरच्या सागरी नकाशांवर त्याचे नाव ‘आंग्रिया बँक’ आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव. ज्यांच्याशी ते आयुष्यभर लढले, त्या इंग्रजांच्या नकाशावर हे नाव टिकले. देवगड-निपाणी रस्ता समुद्रात आणखी पुढे नेला असता तर तो या पठाराच्या आसपास पोचला असता.

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशासाठी? दोन घटना सांगतो. ८ जानेवारी २००५ला अमेरिकेची ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अणुपाणबुडी प्रशांत महासागरात ग्वाम बेटाच्या दक्षिणेला पूर्ण वेगाने पाण्याखालच्या डोंगरावर आदळली. एक खलाशी गेला, बरेच जखमी झाले. पाणबुडीवर जो नकाशा वापरात होता त्यावर तो डोंगर नव्हता. दुसरी घटना तुम्हाला आठवत असेल. ८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे एमएच ३७० हे विमान २३९ माणसांसह नाहीसे झाले. ते दक्षिण हिंदी महासागरात पडले असावे असे ठरले, पण त्या भागात जुन्या जहाजांच्या मोजक्या रेघा होत्या. तळाशी शोधयंत्र सोडायचे तर ते कुठल्या कड्यावर आपटेल हेच ठाऊक नव्हते. म्हणून विमान शोधण्याआधी महिनोन्‌महिने तळच मोजावा लागला. पुढे एक लाख वीस हजार चौरस किलोमीटर धुंडाळले, विमान मिळाले नाही, आणि जानेवारी २०१७मध्ये तो शोध थांबला. मात्र मोजलेला तळ ऑस्ट्रेलियाने सगळ्या जगासाठी खुला केला. ज्या घरांतली माणसे गेली त्यांना त्याचा काय उपयोग, असे मन म्हणते. पण तिथून पुढे जाणाऱ्याला निदान अंधारात चाचपडावे लागणार नाही.

तिसरी गोष्ट सुखाची आहे आणि ती आपल्या पायाखालची आहे. अरबी समुद्रातून एक लांब डोंगररांग गेली आहे. डॅनिश मोहिमेला ती आढळली आणि मोहिमेला पैसे देणाऱ्या प्रतिष्ठानावरून तिचे नाव कार्ल्सबर्ग रांग पडले. नोव्हेंबर १९६२मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने तिच्या माथ्यावरच्या साधारण पन्नास बाय चाळीस सागरी मैलांच्या तुकड्यावर रेघा मारल्या. खोलीबरोबर तळाच्या खडकांच्या चुंबकत्वाचीही नोंद घेतली. जहाजावर ड्रमंड मॅथ्यूज होते. केंब्रिजला त्यांचा विद्यार्थी फ्रेडरिक व्हाइन या नोंदी घेऊन बसला. त्याला दिसले की काही पट्ट्यांत खडकांचे चुंबकत्व आजच्या दिशेने आहे, काहींत अगदी उलट. याचा अर्थ लागला तो असा की रांगेच्या मध्यातून सतत नवा खडक वर येतो, दोन्ही बाजूंना सरकतो, आणि ज्या काळी तो थिजला त्या काळच्या चुंबकत्वाची छाप घेऊन राहतो. ७ सप्टेंबर १९६३ला हा निबंध ‘नेचर’मध्ये आला. खंड सरकतात या कल्पनेला त्यातून बळकट आधार मिळाला. आपल्या दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला, त्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला आणि मधे ही रांग उघडत गेली. निपाणीत विहीर खणताना जो काळा खडक लागतो, त्याच्या गोष्टीचा पुढचा अध्याय अरबी समुद्राच्या तळावर आहे.

या गोष्टीतून मला एक समजले. चांगली नोंद ही ती करणाऱ्याच्या प्रश्नापुरती नसते. उद्या कोण कुठला प्रश्न घेऊन येईल हे आज ठाऊक नसते. म्हणून काढलेल्या निष्कर्षासोबत मूळ नोंदही जपायची.

मूळ नोंदींतून काय उभे राहते हे मेरी थार्प या अमेरिकन बाईंनी दाखवले. त्या काळी बायकांना संशोधन जहाजावर घेत नसत. सहकारी ब्रूस हीझेन जहाजांवरून नोंदी आणत आणि या टेबलाशी बसून एकेका जहाजाच्या मागाखालचा तळ कागदावर उतरवत. असे अनेक माग एकाखाली एक लावल्यावर अटलांटिकच्या मधल्या डोंगररांगेच्या माथ्यावरून जाणारी लांबच लांब दरी त्यांना दिसली. सुरुवातीला हीझेननी ते बायकी बोलणे म्हणून उडवून लावले. नंतर मान्य करावे लागले. हिंदी महासागराचा तळनकाशाही या दोघांनी केला. आणि जिथे एकही माग नव्हता, तिथे काय केले? अटलांटिकच्या नकाशात अशा एका मोठ्या रिकाम्या जागी बाईंनी नकाशाचे सूचीपत्रच मांडले. रिकामे दिसू नये, आणि खोटेही लिहावे लागू नये.

आज रिकाम्या जागा भरायला एक नवा मार्ग निघाला आहे. माझ्याकडे गुडघ्यांच्या औषधाला येणारे एक गृहस्थ तीस वर्षे मालवाहू जहाजांवर होते. ते एकदा म्हणाले, “डॉक्टर, आयुष्यभर पायाखालची खोली बघत आलो. पण बंदर आलं की संपलं. कोण लिहून ठेवतो?” खरे आहे. प्रत्येक मोठ्या जहाजावर खोली मोजणारे यंत्र असते, जागा सांगणारे जीपीएस असते. आकडे पडद्यावर येतात, जातात. जहाजाच्या ब्लॅक बॉक्समध्ये राहतात तेही काही काळाने पुसून त्यावर नवे लिहिले जातात. यावर उपाय म्हणून एक छोटी डबी निघाली आहे. ती वेळ, जागा आणि खोली या तीन गोष्टी नोंदत राहते. व्यापारी जहाजे, मच्छीमार नौका, शिडाच्या होड्यासुद्धा ती बसवू शकतात. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेचे एक केंद्र अशा नोंदी जमा करते.

यात अडचणी आहेत, त्या सांगायलाच हव्यात. किनाऱ्याजवळच्या समुद्रावर त्या-त्या देशाचा अधिकार असतो. पाणबुड्या कुठून जाऊ शकतील हे तळाच्या नकाशावरून कळते, म्हणून ही माहिती उघडी करायची की नाही हे सरकारने ठरवायचे असते, आणि ते बरोबरच आहे. मच्छीमाराचे म्हणणे वेगळे. मासळीची जागा वडिलांनी मुलाला दाखवलेली असते. ती जगाला का सांगायची? आपल्याकडच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकांची वही कधी चौकात वाचून दाखवली आहे का? म्हणून जो नोंद देईल त्याचे नाव, त्याच्या अटी आणि त्याचा हक्क यांचीही नोंद असली पाहिजे. पण न देणे वेगळे आणि न लिहिणे वेगळे. लिहून कुलपात ठेवलेले उद्या काढता येते. न लिहिलेले कुणाच्याच हाती लागत नाही.

आपण सीमाभागातली माणसे. १ नोव्हेंबर १९५६ला नकाशावर एक रेघ ओढली गेली. ती रेघ जमिनीच्या उताऱ्यापर्यंत, शाळेच्या पाटीपर्यंत, मुलाच्या दाखल्यापर्यंत कशी उतरते हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यामुळे नकाशा पुढे आला की ही रेघ कुणी ओढली, कशाच्या आधारावर, कुठले कागद पाहून, असे विचारण्याची आपल्याला पिढ्यांची सवय आहे. लोक तिला हट्टीपणा म्हणतात. मला ती चांगली सवय वाटते. फक्त ती आपल्या गाऱ्हाण्यापुरती न ठेवता प्रत्येक नकाशाला लावली पाहिजे, आणि आपण स्वतः केलेल्या विधानांनाही.

एक ताजा दाखला. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर, असे आपण शाळेत पाठ केले. अलीकडे फेरमोजणी झाली आणि तो ११,०९८ किलोमीटर निघाला. महाराष्ट्राचाही साडेसहाशेवरून पावणेनऊशेच्या पुढे गेला. समुद्र सरकला नाही, जमीन वाढली नाही. पूर्वी ढोबळ नकाशावर मोजले होते, आता बारीक नकाशावर मोजले, त्यामुळे खाड्या, वळणे, बेटे हिशेबात आली. दोन्ही आकडे आपापल्या मापाने बरोबर आहेत. पण कुठल्या मापाने, हे सोबत सांगितले नाही तर दोन माणसे उगाच भांडत बसतील.

शेवटी दोन विनंत्या करतो. पहिली इथल्या शिक्षकांना. महासागरांच्या तळाचा नकाशा आज फुकट पाहता येतो, आणि कुठला भाग मोजलेला आणि कुठला अंदाजाचा हेही त्यात दिसते. शाळेच्या संगणकावर तो एक तास उघडा. मुलांना आधी देवगड शोधायला सांगा, मग विजयदुर्ग, मग आंग्रिया बँक. त्यानंतर मोजलेल्या जागा दाखवा. अरबी समुद्रात मधे-मधे जहाजांच्या वाटांचे पट्टे आणि त्यांच्यामध्ये मोठाल्या मोकळ्या जागा दिसतील. त्या मोकळ्या जागा पाहूनच एखाद्या मुलाला किंवा मुलीला हे काम करावेसे वाटेल. मेरी थार्पबाईंना जहाजावर घेत नव्हते. आपल्या मुलींना आता ती आडकाठी नाही.

दुसरी विनंती घरच्यांना. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत जुने फोटो, पत्रे, वखारीच्या वह्या, लग्नपत्रिका असतील. त्यांतल्या माणसांची नावे सांगू शकणारे घरातले एक-दोनच जण उरले असतील. त्यांच्याजवळ बसा आणि फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने लिहा : कोण, कुठे, कोणत्या साली, आणि हे कुणी सांगितले. खात्री नसेल तर तसेही लिहा.